कास रस्ता : फुलांसोबत रस्ताही सांभाळायची गावांची धडपड

सातारा : साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून साधारण २५ किलोमीटरवर कास पठार लागतं. गावकरी त्याला सडा म्हणतात. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत कासचं नाव आलं आणि गाड्यांची रीघ लागली.

जांभ्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ. त्यातच तेरडा, गेंद, सीतेची आसवं उगवतात. एकदा चाक फिरलं की माती दबते, पुढच्या पावसात तिथे फूल येईलच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न फुलांचा नव्हता, गाडी कुठे लावायची याचा होता.

वन विभाग आणि कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी तो हाती घेतला. गाड्या पठाराच्या अलीकडे ठरल्या जागी लावायच्या, दिवसाला साधारण ३ हजार पर्यटक, ऑनलाइन बुकिंग, प्रवेश शुल्क. हंगामात तिकीट, पार्किंग, राखण, वाट दाखवणं ही कामं गावच्याच पोरांना मिळतात. मुंबई-पुण्याला गेलेल्या घरांसाठी ही गोष्ट लहान नाही.

चूकही झाली. सड्याला लोखंडी जाळीचं कुंपण घातलं. गुरांची चराई थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. गुराख्यांना आधी विचारलं असतं तर खर्च वाचला असता!

खरी अडचण मात्र पठाराच्या खाली आहे. पठारावर समितीचं लक्ष असतं, पण घाट ते कास हा रस्ता खासगी जमिनींतून जातो. दरीच्या तोंडाशी हॉटेलं, फार्महाऊस उभी राहिली. विनापरवाना बांधकामांना महसूल खात्याच्या नोटिसाही गेल्या. डोंगर कापला की पावसात माती रस्त्यावर येते, आणि ज्या दरीसाठी माणूस गाडी थांबवतो तीच भिंतीआड जाते. जमीन विकणारा शेतकरी गावचाच असतो, त्यामुळे ग्रामसभेत हा विषय निघाला की बोलणं अवघड होतं.

तरी ग्रामसभेच्या हातात बरंच आहे. टपऱ्या एकाच जागी, मक्याची कणसं आणि बाटल्या टाकायला कचराकुंडी, वळणावर फलक नको, जुनं झाड तोडायचं तर आधी गावात चर्चा, असे ठराव करता येतात. ठरावाची नक्कल ग्रामपंचायतीकडून घेऊन तहसील आणि बांधकाम खात्याला दिली की पाठपुरावा करता येतो.

फुलांचा हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. शनिवार-रविवारी जाणाऱ्यांनी बुकिंग करूनच घाट चढावा.