मोटारगाडीतील घटमालेचे भारण व दोषनिदान

मोटारगाडीचे एंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे, दिवे लावणे इ. कामांसाठी लागणारी विद्युत् ऊर्जा संचायक घटमालेत (बॅटरीत) साठविलेली असते. खर्च झालेली ऊर्जा एंजिन चालू असताना घटमालेत पुन्हा भरण्याच्या क्रियेस भारण (चार्जिंग) म्हणतात. जनित्र, ते फिरविणारा पट्टा, नियंत्रक, घटमाला आणि त्यांना जोडणाऱ्या तारा मिळून भारण यंत्रणा बनते. यांपैकी कोणत्याही घटकात बिघाड झाला, तरी त्याचा परिणाम घटमाला उतरण्यातच दिसतो. त्यामुळे दोष घटमालेला दिला जातो व पुष्कळदा चांगली घटमाला टाकून दिली जाते. खरे कारण शोधण्याची रीत जनित्राच्या प्रकारानुसार बदलत गेली आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत म्हणूनच या यंत्रणेचा इतिहास माहीत असणे उपयुक्त ठरते.

इतिहास : गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये शिशाच्या संयुगांचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून त्याची धारणाशक्ती वाढविली. तथापि सुरुवातीच्या बहुतेक मोटारगाड्यांना भारण यंत्रणेची गरज नव्हती. एंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करीत, ठिणगी मॅग्नेटोपासून मिळे आणि दिवे ॲसिटिलीन वायूवर किंवा तेलावर जळत. दांडा उलट फिरल्याने हात मोडण्याचे अपघात होत असत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् आरंभक (स्टार्टर) १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. तेव्हापासून घटमाला व तिचे भारण या मोटारगाडीच्या मूलभूत गरजा बनल्या.

यानंतर सुमारे अर्धशतक डायनॅमो (एकदिश विद्युत् जनित्र) प्रचारात होता. एंजिनाच्या वेगाबरोबर त्याचा विद्युत् दाब वाढत असल्याने प्रथम तिसऱ्या ब्रशाच्या साहाय्याने व पुढे चुंबकीय नियंत्रकाने त्याचे नियमन करीत. एंजिन थांबल्यावर किंवा फार मंद फिरत असताना घटमालेतील प्रवाह उलट डायनॅमोत जाऊ नये म्हणून नियंत्रकाच्या पेटीत कटआउट बसविलेला असे. मंद गतीला डायनॅमो जवळजवळ भारण करीत नाही, ही त्याची मोठी उणीव होय.

स्वस्त व टिकाऊ सिलिकॉन डायोड उपलब्ध झाल्यावर प्रत्यावर्तित्र (आल्टरनेटर) गाडीत वापरणे शक्य झाले. क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत ते बसविले व नंतर इतरांनीही त्याचा स्वीकार केला. यातील प्रत्यावर्ती प्रवाह डायोडांमुळे एकदिश होतो. डायोड उलट प्रवाहही अडवितात, त्यामुळे कटआउटाची आवश्यकता राहत नाही. एंजिन मंद फिरत असतानाही यापासून पुरेसा प्रवाह मिळतो.

भारतात ॲम्बॅसडर व कुर्ला (मुंबई) येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या जुन्या नमुन्यांत डायनॅमो होता व पुढील नमुन्यांत प्रत्यावर्तित्र आले. दोन्ही प्रकारच्या गाड्या रस्त्यावर एकाच वेळी असल्याने एका पिढीची तपासणी दुसऱ्या पिढीच्या गाडीवर होऊ लागली. मुंबईच्या टॅक्सींतील पद्मिनीचा काळ २०२३ मध्ये संपला. जतन केलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीत मात्र हा प्रश्न अद्याप उद्‌भवतो.

चुकीची चाचणी : एंजिन चालू असताना घटमालेची तार काढावयाची व एंजिन चालूच राहिले तर भारण ठीक आहे असे मानावयाचे, ही रीत डायनॅमोच्या काळापासून रूढ आहे. त्या काळीही तीत दिवे जळण्याचा धोका होता. प्रत्यावर्तित्राच्या बाबतीत ती घातकच आहे. घटमाला अचानक तुटली की विद्युत् दाब एकाएकी उसळतो आणि डायोड व नियंत्रक निकामी होऊ शकतात. अशा रीतीने दोष शोधण्याच्या कृतीतूनच नवा दोष उत्पन्न होतो.

निदान : प्रथम पट्ट्याचा ताण, घटमालेच्या अग्रांवरील गंज आणि एंजिनास सांगाड्याशी जोडणारी अर्थची पट्टी तपासतात. यानंतर व्होल्टमापक वापरतात. काही तास स्वस्थ ठेवलेल्या, पूर्ण भारित १२ व्होल्ट घटमालेचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या खाली असल्यास घटमाला उतरलेली समजतात. झाकणे उघडता येत असल्यास प्रत्येक घटातील अम्लाचे विशिष्ट गुरुत्वही मोजतात. पूर्ण भारित अवस्थेत ते सु. १·२७ असते. एकाच घटात ते बरेच कमी आढळल्यास दोष खरोखर घटमालेत असण्याचा संभव असतो.

एंजिनाचा वेग वाढविल्यावर दाब सु. १३·८ ते १४·५ व्होल्ट असावा. तो न वाढल्यास भारण होत नाही. १५ व्होल्टच्या वर गेल्यास नियंत्रक सदोष असून घटमालेतील पाणी आटते. जनित्राच्या अग्रावर दाब योग्य पण घटमालेवर अर्ध्या व्होल्टने कमी असल्यास दोष मधल्या तारेत किंवा जोडात असतो.

मंद गतीला इशारादर्शक दिवा किंचित उजळणे डायनॅमोच्या गाडीत स्वाभाविक आहे, प्रत्यावर्तित्राच्या गाडीत ते दोषाचे लक्षण होय. उलट, चावी फिरवल्यावर हा दिवा मुळीच न लागल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये. अनेक प्रत्यावर्तित्रांत प्रारंभीचा क्षेत्रप्रवाह याच दिव्यातून येतो व दिवा गेल्यास भारण सुरू होत नाही. ल्यूकस पद्धतीच्या डायनॅमोवरील दोन्ही तारा काढून त्याची मुख्य व क्षेत्र अग्रे एकत्र जोडतात आणि एंजिन हळूहळू वेगाने फिरवितात. दाब झपाट्याने वाढल्यास डायनॅमो ठीक असून दोष नियंत्रकात किंवा तारांत असतो. न वाढल्यास ब्रश, दिक्परिवर्तक वा गुंडाळी तपासावी लागते.

भारण योग्य असूनही घटमाला रात्रीत उतरत असल्यास गाडी बंद असताना वाहणारा प्रवाह मोजतात. भारणाच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निर्माण होत असल्याने घटमालेजवळ ठिणगी वा ज्योत येऊ देऊ नये. या सर्व तपासण्यांत इतर घटक निर्दोष ठरल्यावरच घटमाला बदलणे योग्य होय. तिच्यातील शिसे विषारी असल्याने निकामी घटमाला पुनर्वापरासाठी परत देणे आवश्यक असते.