एका संख्येचा निकाल

मोठ्या माणसाच्या शब्दाचा हिशेब व्हायला किती काळ लागतो, याचा दाखला गणितातही आहे. १६४४ साली मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने दोनचा ६७ वा घात वजा एक ही संख्या मूळ, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष न भागली जाणारी, असे लिहून ठेवले. संख्या एकवीस अंकी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. पडताळणार कोण? १८७६ साली फ्रान्सच्याच ल्यूका यांनी ती मूळ नव्हे हे सिद्ध केले. पण तिचे अवयव त्यांनाही सापडले नाहीत. ते १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. शोधात तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, अशी आख्यायिका आहे.

शोधायला वर्षे लागली, पडताळायला पाटी-पेन्सिल आणि एक दुपार पुरे. आम्ही कामगार चळवळीतील माणसे पगारपत्रकाची बेरीज स्वतः केल्यावाचून त्यावर कोणाचा अंगठा उठू देत नाही. म्हणूनच कोल आम्हांला जवळचे वाटतात. त्यांनी विश्वास मागितला नाही, गुणाकार लोकांपुढे ठेवला. तो आपणांपैकी कोणीही घरी जाऊन करून पाहावा.