उवा काढणारा मासा

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, तुझ्या टँकमधला तो निळा मासा कुठे गेला गं?" काहीतरी थाप मारून मी वेळ मारून नेली. पण तो हा ब्लॉग वाचतो (आणि त्याची आईही!), तेव्हा खरं काय ते इथेच लिहून टाकते. जरा इतिहास ऐकावा लागेल, त्याला इलाज नाही.

घरात समुद्र ठेवायचं खूळ काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाई इंग्लंडमधल्या टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या होत्या. तिथली जिवंत प्रवाळं त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती थेट लंडनच्या घरी आणली, तीही सुईदोऱ्यानं स्पंजला शिवून! पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी वरून ओतायची. पुढे बाईंनी त्यात समुद्री वनस्पती सोडल्या, म्हणजे प्राणवायूची थोडी सोय झाली. बाईंचं नाव इतिहासात राहिलं, मोलकरणीचं नाही. आमच्याकडे तिचं काम पंप करतो.

मग १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी काचपेट्या आल्या. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. गॉस यांच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ साली आठवणी लिहिल्या. त्यात तो हळहळतो, की वडिलांच्या पुस्तकांनी ज्यांना वेड लावलं त्यांनीच खडकांमधली ती सुंदर डबकी ओरबाडून रिकामी केली. प्रेमानंही वाट लावता येते, हे मी वाचलं होतं. कळलं मात्र नव्हतं.

उष्ण समुद्रातले मासे घरी जगवायला आणखी शंभर वर्षं गेली. १९६१ साली जाकार्तामधले ली चिन एंग यांनी आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. दगडातले जिवाणू माशांची घाण पचवतात. म्हणजे नुसतं खारट पाणी असून भागत नाही, त्यातली बिनचेहऱ्याची माणसंही (जिवाणू हो!) लागतात. आपल्याकडे प्रवाळांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून माझे दगड कृत्रिम आणि जिवाणू बाटलीतले. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ मोजून घालते. मुंबईचा समुद्र इतका जवळ असताना मी घरात मीठ कालवते, यावर सासूबाईंचे विनोद अजून संपलेले नाहीत.

आणि त्याच १९६१ साली कॉनराड लिंबॉ या पाणबुड्या शास्त्रज्ञाचा लेख आला, समुद्रातल्या सफाई कामगारांवर. काही छोटे जीव इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतात आणि मोठे मासे त्यासाठी त्यांच्यापुढे चक्क थांबून राहतात. 'रॅस' कुळातला बोटभर लांबीचा क्लीनर रॅस हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. निळा, अंगावर काळा पट्टा. ऑस्ट्रेलियात अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजलं, तर एक रॅस दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो!

दुकानात तो दिसला आणि मी विरघळले. घरी आणला. सासूबाई टँकपाशी खुर्ची ओढून बसल्या.

"हा काय खातो?"

"दुसऱ्या माशांच्या उवा."

"मग आपल्याकडे कुणाला आहेत उवा?"

मी हसले. हसायला नको होतं. आमच्या टँकमध्ये दोन क्लाउनफिश आणि एक गोबी. तिघेही स्वच्छ. बिचारा दिवसभर त्यांच्यापुढे नाचायचा, ते वैतागून पळायचे. गोळ्या त्यानं खाल्ल्या नाहीत, कोळंबीचा कीस कधी चाखला, बहुतेक वेळा थुंकला. पोट आत गेलं. सातव्या आठवड्यात सकाळी तो दगडामागे सापडला. दोष दुकानदाराचा नाही, विचारायचं मला होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, मी वर्षभर पुस्तकं वाचून विचारलं नाही.

नंतर वाचलं, की लिझर्ड आयलंडजवळच्या काही खडकांवरून साडेआठ वर्षं हे रॅस काढत राहिले, तेव्हा तिथे इतर मासेही कमी झाले आणि त्यांच्या जातीही. हा अभ्यास २०११ चा. आणि २०१९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याच माशाच्या गळ्यावर ठिपका उमटवून आरसा दाखवला, तर तो गळा तळाशी घासू लागला, जणू स्वतःलाच ओळखलं. या निष्कर्षावर वाद झाले, पण मला ते वाचून झोप लागली नाही. कुठल्यातरी खडकावर त्याची रोजची गिऱ्हाइकं होती. तो तिथून उचलला गेला, कारण माझ्यासारखं कुणीतरी विकत घेणार होतं.

असो. तर बाळा, तो मासा गेला, आणि तो उपाशी गेला. दिवाळीच्या सुट्टीत ये. क्लाउनफिशची जोडी आहे, गोबी आहे, मीठ कालवायला तूच बस. निळा मासा मात्र मी परत आणणार नाही. आजीला विचार, ती कारण माझ्यापेक्षा थोडक्यात सांगेल.