छत कोणाचे?

आंबेगाव तालुक्यातील कळंबसारख्या गावी कौलारू घराचा धनी मृगापूर्वी घर शाकारून घेण्यास सहसा चुकत नसे. फुटके कौल बदलावे, किडका वासा काढावा, हा वार्षिक परिपाठच होता. जुन्नर-आंबेगावकडील माणसे पोटासाठी मुंबईस जाऊन चाळींत राहू लागली, तेव्हा हा परिपाठ मात्र गावीच राहिला.

याचे कारण सरकारी चाळींच्या इतिहासात सापडते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली मुंबई विकास खाते स्थापन झाले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उठविल्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या आणि खोली अवघी १६० चौरस फुटांची! बांधकाम मात्र सळयांच्या काँक्रीटचे. अशा छतास कसली आली आहे शाकारणी, असे कोणासही वाटावे.

पण काँक्रीटही झिजते. त्यातील क्षारधर्मामुळे सळई गंजत नाही. परंतु हवेतील कर्बवायू तो गुण हळूहळू नष्ट करतो, आणि समुद्राची खारी हवा व मोरीची गळती त्यास हातभार लावतात. गंजलेले लोखंड फुगते, काँक्रीटला तडे पाडते आणि अखेर खपला निजलेल्या माणसावर कोसळतो. अशा वेळी वरून गिलावा फासणे म्हणजे रोग झाकणे होय. प्रथम गळती थांबवावी, छत ठोकून पोकळ आवाजाची जागा शोधावी, टेकू देऊन सैल भाग काढावा, सळईचा गंज खरवडावा, झिजलेली सळई बदलावी आणि मगच नवा थर चढवावा.

हे करावयाचे कोणी? खालच्याचे छत तीच वरच्याची जमीन; रहिवासी भाडेकरू, आणि डागडुजी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. कौलांस एक धनी होता, या छतास तिघे. आणि तिघांचे काम ते कोणाचेच नव्हे!

वरळीतील ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ती छतेही काँक्रीटचीच आहेत. तेथील रहिवाशांनी मृगापूर्वीची ती जुनी पाहणी आता सर्वांनी मिळून सुरू करावी, एवढेच आमचे सांगणे.