जो मूर : एका सहायक प्रशिक्षकाची कारकीर्द

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास बहुधा मुख्य प्रशिक्षकांच्या नावांनी लिहिला जातो. एकेक फळी घडविणारे सहायक त्यात क्वचितच आढळतात. जो मूर हे अशांपैकी एक होत. आक्रमक फळीतील पाच खेळाडूंच्या नावे सहसा गुण जमा होत नाहीत. प्रतिपक्षास थोपवून धरणे हेच त्यांचे कार्य. ही विद्या मूर यांनी १९७७ पासून पिट्सबर्ग विद्यापीठात आणि १९८८ पासून नोटर डेम येथे शिकविली. रस ग्रिम व मार्क मे हे त्यांचे पिट्सबर्ग येथील शिष्य. १९८८ मध्ये नोटर डेम राष्ट्रीय विजेते ठरले.

सहायकाचे पद मात्र मुख्य प्रशिक्षकाच्या मर्जीवर टिकते. १९९६ अखेर लू होल्ट्झ यांच्या जागी बॉब डेव्ही आले आणि ६४ वर्षांच्या मूर यांना सेवेतून दूर करण्यात आले. मूर यांनी वयावरून भेदभाव केल्याचा दावा लावला. १९९८ मध्ये ज्यूरीने तो मान्य केला. त्यांना भरपाई मिळाली, पूर्वपद मिळाले नाही. २००३ मध्ये ते निवर्तले. २०१५ मध्ये त्यांच्या नावे सुरू झालेला पुरस्कार एका खेळाडूस नव्हे, संपूर्ण आक्रमक फळीस दिला जातो. मूर यांच्या कार्याचे स्वरूप त्यातून यथार्थपणे व्यक्त होते.