लुचेराच्या टेकडीवर चार दिवस

मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याने बोलावलं म्हणून इटलीला गेलो. तो तिथे नोकरीला आहे. म्हणाला, "मामू, रोम-व्हेनिसची धावपळ राहू द्या. तुम्हाला आराम हवाय ना? मग लुचेराला जा." फोज्जा स्टेशनवरून छोट्या गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचलो. टेकडीवरचं जुनं गाव, दगडी गल्ल्या, दुपारी सगळी दुकानं बंद. खाली नजर पोहोचेल तिथवर गव्हाची शेतं. वर्षभर वर्गात ओरडून बसलेला घसा तिथे खरंच निवांत झाला.

पण इतिहासाची खोड स्वस्थ बसू देत नाही. याच गावात सुमारे पंचाहत्तर वर्षं मुसलमानांची वस्ती होती. अरबी लेखक गावाला लुजारा म्हणत.

ही वस्ती वसवली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने. हे नाव मी वर्गात कौतुकाने घेत आलो आहे. 1229 मध्ये त्याने सुलतान अल-कामिलशी तह केला आणि न लढता जेरुसलेम मिळवलं. अरबी विद्येची त्याला आवड होती. हे सगळं खरं आहे. पण लुचेराची गोष्ट सिसिलीतून सुरू होते. तिथल्या मुसलमानांनी बंड केलं, ते त्याने चिरडलं आणि 1220 च्या दशकापासून हजारो कुटुंबं उचलून समुद्रापलीकडे या टेकडीवर आणली. आपण त्याला हिजरत म्हणू नये. हिजरत माणूस स्वतः करतो, ही हद्दपारी होती.

लोकांनी मात्र गाव उभं केलं. शेती, चामड्याचं काम, शस्त्रं बनवणं. त्यांचे तिरंदाज सम्राटाच्या फौजेत लढले. 1261 मध्ये मिसरच्या सुलतान बैबर्सने इब्न वासिल या विद्वानाला फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड याच्याकडे दूत म्हणून पाठवलं. लुचेरात जुम्म्याची नमाज उघडपणे होते, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

हे वाचून छाती फुगते. माझीही फुगायची. पण कायद्यात या लोकांचं स्थान काय होतं? ते राजाच्या खजिन्याचे दास होते. कर राजाला, रक्षण राजाचं, आणि मालकीही राजाचीच. मशिदीला हात न लावण्यामागे मन किती मोठं होतं आणि हिशेब किती होता, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना कधी विचारलाच नव्हता.

मॅनफ्रेड 1266 मध्ये बेनेव्हेंटोच्या लढाईत पडला. नवा राजा अंजूचा पहिला चार्ल्स. लुचेराने बंड केलं, त्याने वेढा घातला आणि 1269 मध्ये भुकेने गाव शरण आलं. तरी त्याने वस्ती ठेवली. त्यालाही कर आणि तिरंदाज हवेच होते.

त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स सिसिलीच्या युद्धामुळे कर्जात बुडाला होता. ऑगस्ट 1300 मध्ये त्याच्या हुकुमावरून जोव्हान्नी पिपिनो या अधिकाऱ्याने गाव ताब्यात घेतलं. धान्य, गुरं जप्त झाली, माणसं गुलाम म्हणून विकली गेली. गावाला मरियमचं नाव दिलं गेलं. कारण धर्माचं सांगितलं गेलं. कर्जाचं ओझं किती होतं यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मला वाटतं दोन्ही होतं. पण ज्या कागदाने त्यांना पाऊणशे वर्षं सांभाळलं, त्याच कागदाने ती विकण्याजोगी झाली. मालकाने माल विकला.

एका सकाळी किल्ल्यावर गेलो. पहिल्या चार्ल्सने बांधलेली लांबच लांब तटबंदी अजून उभी आहे. आत फ्रेडरिकच्या वाड्याचे अवशेष आणि बाकी गवत. मग गावातलं मोठं चर्च पाहिलं. ते मशिदीच्या जागी बांधलं असं सांगतात. भिंती साध्या, आत छान गारवा. एक म्हातारी बाई मेणबत्ती लावत होती, माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. तिचा यात काय दोष?

कब्रस्तान शोधत फिरलो. एकही जुनी कबर दिसली नाही.

शुक्रवार आला. जमात कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून खोलीतच जोहर पढलो. घरी आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे फोनने आग्नेय दाखवली. खिडकी त्याच बाजूला होती. बाहेर गहू पिकत आला होता.