सुट्या पानांपासून एकसंध दस्तऐवजाकडे : तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि पीडीएफ-जोडणी

प्रस्तावना

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन होय. गोदाकाठी आलेल्या यात्रेकरूंची नावे, गाव, कुळ व सोबतचे आप्त यांची नोंद या वह्यांत होत आली आहे. जुन्या नोंदी मोडी लिपीतही आढळतात. आजोबांच्या नोंदीला नातवाची नोंद जोडली गेली म्हणजे वंशावळ सिद्ध होते. त्यामुळे येथे पानाइतकेच पानांच्या क्रमालाही पुराव्याचे मूल्य आहे. अशा वह्यांचे छायाचित्रण केल्यास तो क्रम कसा टिकवावा, याचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

क्रमरक्षणाची परंपरा

हस्तलिखित पोथीची पाने सुटी असत. ती फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधली जात. पाने विस्कटली तरी समासातील पत्रांकावरून पोथी पुन्हा लावता येई. शिवलेल्या वहीत हेच कार्य दोऱ्याने केले, तर मायक्रोफिल्ममध्ये अखंड फितीने. डिजिटल कॅमेऱ्याने मात्र प्रत्येक पानाची स्वतंत्र फाइल केली. पाने पुन्हा सुटी झाली आणि पत्रांकाची जबाबदारी फाइलच्या नावावर आली.

पीडीएफ आणि आज्ञा-ओळीचे साधन

अडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ हे स्वरूप प्रसिद्ध केले. दीर्घकालीन जतनासाठीचे पीडीएफ/ए हे रूप २००५ मध्ये, तर मूळ पीडीएफ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. पीडीएफमधील घटक फाइलमध्ये कोणत्याही क्रमाने असू शकतात. वाचकाला दिसणारा क्रम पृष्ठांची अंतर्गत यादी ठरविते. पोथीतील पत्रांकाचेच हे नवे रूप म्हणता येईल.

अनेक चित्रांची एक पीडीएफ करण्यासाठी आज्ञा-ओळीवरील साधने विशेष उपयुक्त ठरली. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्युपाँट कंपनीत ज्याचा आरंभ केला, ते इमेजमॅजिक १९९० मध्ये सर्वांसाठी खुले झाले. शेकडो चित्रे एका ओळीच्या आज्ञेने जोडता येतात आणि तीच आज्ञा पुढील वहीसाठी जशीच्या तशी वापरता येते.

तथापि असे साधन घडविताना दोन दक्षता आवश्यक आहेत. पहिली क्रमाची. संगणक नावे अक्षरक्रमाने लावतो तेव्हा १ नंतर १०, ११ आणि मग २ येते. यास्तव साधनाने संख्येचे मूल्य ओळखावे किंवा नावे ००१, ००२ अशी द्यावीत. दुसरी दक्षता चित्राच्या गुणवत्तेची. जेपेग चित्र उलगडून पुन्हा संकुचित केल्यास तपशील घटतो. मोडीसारख्या सलग व बारीक अक्षरांत तो तपशीलच वाचनाचा आधार असतो. पीडीएफमध्ये जेपेगची मूळ माहिती न बदलता समाविष्ट करण्याची सोय आहे. तिचाच अवलंब करणे इष्ट.

निष्कर्ष

चित्रे एकत्र करणे हे वरवर पाहता यांत्रिक काम वाटते. वस्तुतः ते संपादनाचे काम आहे. मधले एक पान चुकले तर एक पिढी तुटते आणि पीडीएफच्या एकसंध रूपामुळे ही त्रुटी सहज लक्षातही येत नाही. म्हणून मूळ चित्रे स्वतंत्र जतन करावीत, पानांची संख्या मूळ वहीशी ताडून पाहावी आणि कोरी पानेही वगळू नयेत. साधन नवे असले तरी पाने राखण्याची ही शिस्त पोथी लिहिणाऱ्यांचीच आहे.